एका हातावर चार ताटं

कॉफीचं फळ वाळलं की नाही हे बघायला मलेकोप्प्याचे लोक मूठभर फळं कानाशी धरून खुळखुळवतात. अक्कम्माचं तेवढ्यावर भागायचं नाही. ती दाणा काढून चावून बघायची. तोही एक नाही, ढिगाच्या चारी बाजूंचे चार आणि पाचवा मधला. वर वाळलेलं दाखवायचं आणि खाली ओलं दडवायचं ही माणसाची जातच आहे असं तिचं म्हणणं. दूधवाल्यासमोर ती दुधात बोट बुडवायची. गॅसची टाकी आली की हलवून बघायची. तिचा नवरा नंजप्पा म्हणायचा, इग्गुतप्पा देव जरी अंगणात येऊन उभा राहिला तरी ही आधी विचारेल, कुठल्या घरचा तू?

नंजप्पा हे थट्टेनं म्हणायचा, पण कोडगूत, म्हणजे कूर्गात, हा प्रश्न थट्टेचा नाही. माणूस भेटला की आधी घराचं नाव विचारायचं. घर कळलं की आजा कुठल्या पलटणीत होता, चुलता कुठे कर्नल झाला, आत्या कुठे दिली, सगळं न विचारता कळतं. निम्म्या घरांच्या भिंतींवर गणवेशातली माणसं टांगलेली असतात. त्यामुळे ज्याचं घर ऐकून काहीच कळत नाही असा माणूस अक्कम्माला कुंपणाला पडलेल्या भोकासारखा वाटायचा. तिथून कधी काय आत येईल सांगता येत नाही.

असा एक माणूस दीड वर्षापूर्वी गावात आला. नाव बिद्दप्पा. मूळ घर वर उत्तरेला, सोमवारपेटच्याही पलीकडे. त्या घरात आता मागं कुणी उरलेलं नव्हतं. सतराव्या वर्षी फौजेत गेलेला तो नोकरी सुटल्यावरही बाहेरच राहून साठीच्या घरात परत आला आणि वारलेल्या बहिणीच्या रिकाम्या घरात राहायला लागला. पाठ अशी सरळ, की बसला तरी उभा असल्यासारखा दिसायचा. पांढऱ्या शर्टाची इस्त्री मोडलेली कुणी पाहिली नव्हती. कुठल्याशा लग्नात कुणी विचारलं, नोकरी कुठे झाली? तो म्हणाला, निवड केंद्रात. जिथे पाच दिवस ठेवून घेऊन मुलांतून अधिकारी निवडतात ते केंद्र. झालं, संध्याकाळपर्यंत तो मेजर झाला. महिन्याभरात दोन घरचे बाप आपली मुलं घेऊन त्याच्याकडे गेले, आणि सहा महिन्यांत गावाच्या मंदावर, म्हणजे पुत्तरीच्या सणाचा नाच जिथे होतो त्या मैदानावर, सकाळी सहाला फळ्या, पिंपं आणि दोर मांडून मेजरची शाळा भरायला लागली.

त्या शाळेत अक्कम्माची मुलगी देचम्मा होती.

देचू सतरा वर्षांची, बारावीला. आता मुलींनाही बारावीनंतर अधिकारी व्हायच्या परीक्षेला बसता येतं हे तिला शाळेत कळलं तेव्हापासून तिने तो ध्यास घेतला होता. डिसेंबरात फॉर्म निघाला. लेखी परीक्षेचा अभ्यास शाळेतल्या बाईंकडे, आणि पुढच्या पाच दिवसांची तयारी मेजरकडे. नंजप्पा तर खुशीतच होता. त्याचे स्वतःचे तळपाय सपाट निघाले म्हणून फौजेनं त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. मुलीच्या नावाने का होईना, भिंतीवर एक फोटो लागेल असं त्याच्या मनात होतं.

अक्कम्माने सांगितलं, फॉर्म भरायचा की नाही ते मी बघेन. देचूचा जन्मदाखला आणि दहावीची गुणपत्रिका लोखंडी ट्रंकेत होती आणि ट्रंकेची किल्ली अक्कम्माच्या कमरेला. फॉर्मची शेवटची तारीख पुत्तरीनंतर सहा दिवसांनी होती.

तिचा मुलीला विरोध होता असं नाही. धाकटा भाऊ सोमय्या तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, एवढंच. तीस वर्षांपूर्वी तोही असाच तयार होऊन गेला होता. त्याला शिकवणारा खराखुरा कर्नल होता, घरातलाच. त्याने सगळी उत्तरं लिहून दिली होती. आवड काय, तर हॉकी. नेतृत्व कुठे केलं, तर शाळेच्या संघाचं. सोमय्याने आयुष्यात हॉकीची काठी धरली नव्हती. पाचव्या दिवशी परत आला तो छातीवरच्या नंबराचं कापड खिशात कोंबून. काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही. हसरा पोरगा होता, पण त्यानंतर कुणी साधं "काय रे" म्हटलं तरी आपल्याला पकडायला आलेत अशा नजरेनं बघायला लागला. आजही तसाच बघतो. देचूचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच अक्कम्माने ठरवलं होतं. त्यासाठी शिकवणारा कोण आहे हे कळायला हवं होतं.

आणि मेजरबद्दल एकेक गोष्ट तिला खटकायला लागली होती.

पहिली म्हणजे तो फी घेत नव्हता. सहा मुलं होती, सहा घरं. आठवड्याला एकेका घरी पाळीने दुपारचं जेवायचा, बस्स. लोक म्हणायचे, काय मोठा माणूस. अक्कम्मा म्हणायची, जो मागत नाही तो न मागता घेतो. काय घेतो ते अजून दिसलं नाही इतकंच.

दुसरी गोष्ट, तो शिकवायचा ते अजब होतं. देचू घरी येऊन सांगायची ते अक्कम्मा भांडी घासता घासता ऐकायची. फळ्यांवरून पिंप पलीकडे न्यायचं ते ठीक. पण आठवड्यातले दोन दिवस तो मुलांना नुसतं जेवायला बसवायचा. शाळेतली दोन बाकं जोडायची, प्रत्येकाने घरून डबा आणायचा, सगळ्यांचं एकत्र करायचं आणि जेवायचं. तो मागे उभा राहून बघायचा. कुणी भात आधी ओढला, कुणाचं पाणी संपल्यावर कुणाच्या लक्षात आलं, पडलेला चमचा कुणी उचलला, आणि उचलताना आजूबाजूला बघितलं का. शेवटी एकेकाला बाजूला घेऊन सांगायचा. कुठल्या मेजरने कधी कुणाला जेवायला शिकवलंय?

तिसरी गोष्ट विराजपेटची. माजी सैनिकांचं कँटीन तिथे आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सारा गाव तिथे सापडतो, हुद्द्याचं कार्ड दाखवून साबणापासून रमपर्यंत सगळं घेताना. मेजर तिथे कधी कुणाला दिसला नव्हता. साबणसुद्धा तो कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यायचा.

अक्कम्माने हे नंजप्पाला सांगितलं. तो मिरीच्या वेलाला बांधलेली शिडी हलवून बघत होता. म्हणाला, "तुझं लग्न ठरलं तेव्हा तू माझ्या बागेतली झाडंसुद्धा मोजून गेली होतीस. मिळाली ना पुरी?"

"दोन कमी होती," अक्कम्मा म्हणाली.

चौथी गोष्ट तिने स्वतः पाहिली. मेजर जेवायला आला की सगळे बसेपर्यंत बसायचा नाही. हे एक वेळ रीत म्हणून सोडून दिलं. पण बसायच्या आधी तो समोरचा पेला उचलायचा, उजेडाकडे धरायचा आणि परत ठेवायचा. त्याला स्वतःला ते कळतही नसावं. आपल्या पेल्यांवर शंका घेतो म्हणून अक्कम्माला आधी राग आला. नंतर लक्षात आलं, तो शेजारच्याचाही पेला तसाच बघतो. तिने तिच्या मामाला, अस्सल ब्रिगेडियरला, वीस वर्षं जेवू घातलं होतं. मामाने कधी पेल्याकडे बघितलं नव्हतं, आत काय आहे तेवढंच बघितलं होतं.

हा मेजर नाही, असं त्या दिवशी तिच्या मनाने घेतलं. पण मग कोण? खून करून लपलेला, बायको सोडून पळालेला, फौजेनं हाकललेला, असे सगळे तिने मनातल्या मनात त्याच्या जागी बसवून पाहिले. आणि अशा माणसाच्या पुढ्यात आपली पोर रोज सकाळी सहाला उभी राहते. ती मंदाच्या कडेला धोंड्यावर जाऊन बसायला लागली. हातात कॉफीची टोपली असायची, म्हणजे बागेत जाता जाता टेकली असं दिसावं. देचूला मैत्रिणींसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मेजर मात्र रोज लांबून हात जोडायचा. त्या हात जोडण्यातही तिला काहीतरी दिसायचं.

पुत्तरी आली. नव्या भाताची कणसं कापून घरात आली, दाराला बांधली, मधल्या दालनात टांगलेला दिवा उजळला. अक्कम्माने पूर्वजांपुढे हात जोडून रोजचंच मागणं मागितलं, की आमच्यावर कुणी हसेल असं काही होऊ देऊ नका. मग सणाच्या चौथ्या दिवशी तिने मेजरला पाळी नसताना जेवायला बोलावलं, आणि त्याच दुपारी चुलतभाऊ उत्तय्यालाही. उत्तय्या निवृत्त कर्नल, चार वर्षांपूर्वी गोणिकोप्पलला बंगला बांधून राहिलेला. त्याला तिने फोनवर एवढंच सांगितलं, की मेजरांना त्यांचा कोर्स विचार.

अधिकारी अधिकाऱ्याला भेटला की नावाआधी हेच विचारतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. कुठल्या तुकडीबरोबर शिकून बाहेर पडलास, कितवा कोर्स. तो आकडा सांगितला की कोण कुणाला वरिष्ठ ते ठरतं, आणि खोटा आकडा दोन वाक्यांत उघडा पडतो.

जेवणात कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे, होते, डुकराचं मटण होतं, सणाचं गोड होतं. टेबलावर उत्तय्या, नंजप्पा, मेजर आणि देचू. अक्कम्मा वाढत होती. मेजरने कर्नलला बघून क्षणभर पाय जुळवले आणि मग बसला. पेला उजेडाकडे धरला नाही. सावध झालाय, अक्कम्माच्या मनात आलं.

उत्तय्या घाईत नव्हता. दुसऱ्यांदा मटण घेतलं, यंदाच्या मिरीचं विचारलं, हत्तींनी कुणाचं कुंपण मोडलं ते सांगितलं. देचू म्हणाली, मामा, फॉर्मला आता दोनच दिवस राहिलेत. तो म्हणाला, भर की मग. आणि तोंड पुसून मेजरकडे वळला.

"मेजर, एवढे दिवस झाले, विचारायचं राहूनच गेलं. तुमचा कोर्स कितवा?"

मेजर उठला. घाबरून उठावं तसा नाही, जेवण झालं म्हणून उठावं तसा. म्हणाला, "सांगतो साहेब," आणि बोलता बोलता उत्तय्याच्या उजव्या बाजूने त्याचं रिकामं ताट उचललं. मग नंजप्पाचं, मग देचूचं, मग स्वतःचं. एक बोटांत, दुसरं मनगटावर, तिसरं कोपराच्या अलीकडे, चौथं वर. वाट्या सगळ्या एकात एक. डाव्या हातावर चार ताटं आणि उजवा हात मोकळा. चमचासुद्धा वाजला नाही. तो स्वयंपाकघराकडे चालायला लागला, आणि बाकी तिघांनी ते पाहिलंही नाही, कारण ते इतकं सहज झालं होतं.

अक्कम्माने पाहिलं. तिने चाळीस लग्नांत वाढणारे पाहिले होते. खुनी नाही, पळालेला नाही. ती त्याच्या मागोमाग आत गेली.

त्याने ताटं मोरीत ठेवली होती आणि नळ सोडायच्या बेतात होता.

"तुम्ही मेसमध्ये होतात," ती म्हणाली.

"हो, अक्का."

"वाढायला."

"वाढायला. बावीस वर्षं, त्याच केंद्रात. शेवटी हवालदार म्हणून सुटलो."

तिने दार लोटून घेतलं. म्हणाली, पलीकडच्या दालनात दिवा आहे, दिव्याच्या घरात खोटं बोलत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. मग मेजर कसे झालात?

"झालो नाही. लग्नात कुणीतरी मेजर म्हणून हाक मारली. मी वळून मागे बघितलं, कुणाला मारली म्हणून. मागे कुणी नव्हतं." तो हात पुसत होता, कोरडे झाले तरी पुसत होता. "त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड झालं. मग मुलं आली. वेटरकडे कोण पोरं पाठवतं, अक्का?"

"कुणी नाही पाठवत."

"तेच."

बाहेरून उत्तय्याचा खोकला ऐकू आला. अक्कम्मा म्हणाली, त्याला मी मुद्दाम बोलावलंय. बिद्दप्पा म्हणाला, मला कळलं होतं. मग आलात कशाला, असं तिने विचारलं. तो म्हणाला, देचम्माचा फॉर्म राहिलाय म्हणून. माझ्यामुळे अडला असेल तर तो सुटावा.

हे फारच गोड झालं, आणि अक्कम्माला गोडाचा कायमच संशय. तिने उलटतपासणी घ्यायला सुरुवात केली. वाढणाऱ्याला काय कळतं अधिकारी कसा होतो ते? तो सांगत गेला. केंद्रात येणाऱ्या मुलांना कुणीतरी भरवून दिलेलं असतं, की मेसचे वेटर हेर असतात, वर जाऊन सगळं सांगतात. मी चहा ठेवला की पोरं पाठ ताठ करून बसायची, मला 'थँक यू, सर' म्हणायची. चहावाल्याला सर! बावीस वर्षांत वर कुणी मला एकदाही काही विचारलं नाही. पण बघायला कोण अडवतं? पाच दिवस, तीन वेळचं जेवण. मी मनाशी पैज लावायचो, हा राहणार, हा परत जाणार. शेवटच्या दिवशी नंबर वाचले जायचे तेव्हा दाराशी उभा राहून जुळवायचो.

"जुळायचं?"

"दहात सात वेळा. कधी आठ."

"म्हणजे दोन-तीनदा चुकायचं."

"चुकायचं."

दहाच्या दहा म्हणाला असता तर तिने त्याला तिथूनच हाकललं असतं. सातवर ती थांबली. न राहवून विचारलं, आणि आमची?

बिद्दप्पाने हात पुसायचं थांबवलं. म्हणाला, दुसऱ्याचं पाणी संपलंय हे ती पहिल्या दिवसापासून बघते. ते शिकवून येत नाही. ओझं उचलते, रडत नाही, हरली तर चिडते पण दुसऱ्यावर ढकलत नाही.

"पण?"

"पण बोलायच्या आधी ती समोरच्याच्या तोंडाकडे बघते. त्याला काय हवंय ते शोधते, मग बोलते. तिथे पाच दिवस तेच विचारतात, तुला काय वाटतं. तिला पटकन सांगता येत नाही." मग म्हणाला, "राग मानू नका, अक्का. घरात प्रत्येक गोष्टीची चौकशी होत असली की मुलं अशी होतात. खोटी नसतात. सावध होतात."

अक्कम्मा संतापली. आपली चोरी पकडली गेली म्हणून हा माणूस उलटा माझ्यावर आळ घालतो. ती दाराकडे बोट दाखवून म्हणाली, जा आणि बाहेर सांगा, तुमच्या तोंडाने. तो गेला. शर्ट सारखा केला आणि दालनात जाऊन कर्नलसमोर पाय जुळवून उभा राहिला.

"साहेब, कोर्स नाही. मी केंद्राच्या मेसमध्ये वेटर होतो."

उत्तय्याचा चेहरा लाल झाला. या माणसाला त्याने दोनदा आपल्या बंगल्यावर बोलावून स्वतःच्या हाताने व्हिस्की ओतून दिली होती. तो एवढंच म्हणाला, की उद्यापासून मंदावर दिसायचं नाही. बिद्दप्पा म्हणाला, उद्या एकदा दिसावं लागेल साहेब, बाकीच्या पाच जणांना सांगायचंय. मग तो अंगणातून निघून गेला. नंजप्पा कपाळाला हात लावून बसला. देचू खुर्चीवरून उठली, आईच्या समोरून जाताना थांबली.

"अव्वा, आज तुला बरं वाटलं असेल," ती म्हणाली आणि मागच्या दाराने बागेत गेली.

बरं वाटायला हवं होतं. दीड वर्ष ज्याच्या मागावर होतो तो सापडला. पण ताटं घासताना अक्कम्माच्या कानात कर्नलचं एकही वाक्य नव्हतं. वेटरचं होतं.

दुसऱ्या दिवशी बिद्दप्पाने मंदावर मुलांना सांगून टाकलं. दुपारपर्यंत चार घरांनी आपली पोरं काढून घेतली. एका आईने तर पाळीने वाढलेलं जेवण काढून दाखवलं. जे लोक वर्षभर मेजर, मेजर करत होते ते आता म्हणायला लागले, आम्हाला आधीच वाटत होतं. अक्कम्माला याचा भलताच राग आला. तुम्हाला कुणाला काही वाटत नव्हतं, मला एकटीला वाटत होतं, असं ती विहिरीवर दोघींना ऐकवून आली.

संध्याकाळी तिने उत्तय्याला फोन लावला. वेटर होतो असं म्हणतोय, पण कशावरून? ते तरी खरं का? उत्तय्या वैतागला, पण तोही त्याच मातीतला. त्याने चार ठिकाणी विचारलं आणि तासाभराने कळवलं, खरं आहे. बावीस नव्हे, एकवीस वर्षं आठ महिने.

"बघ," ती नंजप्पाला म्हणाली, "चार महिने वाढवून सांगितले."

नंजप्पा म्हणाला, "तुझ्या वयात तू किती कमी करून सांगतेस?" तिला हसू आलं नाही.

देचू मंदावर गेली नव्हती. जेवत होती, शाळेत जात होती, विचारलं तेवढंच बोलत होती. फॉर्मचं नाव नाही. अक्कम्मा तिच्यावर नजर ठेवून होती. ही रागावली आहे, घाबरली आहे, की सुटल्यासारखं वाटतंय हिला? काही कळेना. मुलीच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, आणि ते न दिसणं इतकं सफाईदार होतं की अक्कम्मा पहिल्यांदाच चपापली. एवढं झाकायला ही कधी शिकली? कुणाकडून?

शेवटच्या तारखेची सकाळ उजाडली. नंजप्पा मजुरांना घेऊन बागेत गेला होता. अक्कम्मा चुलीपाशी होती. तव्यावर भाकरी होती. देचू शाळेचं दप्तर घेऊन पाणी प्यायला आत आली.

अक्कम्मा म्हणाली, "आज तारीख आहे. भरायचाय का फॉर्म?"

देचूने पेला खाली ठेवला आणि आईच्या तोंडाकडे बघितलं.

क्षणभरच. पण अक्कम्माने ते बघितलं. डोळ्यांपासून ओठांपर्यंत, परत डोळ्यांकडे. तिने ढिगातून दाणा उचलावा आणि चावायच्या आधी फिरवून बघावा, तशी पोर तिला फिरवून बघत होती. अव्वाला हो हवंय की नाही हवंय? सतरा वर्षं ही असं बघत आली असणार आणि आपल्याला दिसलं नाही. आपण दुधात बोट बुडवत होतो. वेटरला मात्र पहिल्याच महिन्यात दिसलं.

ती वळली. मुलीकडे पाठ करून चुलीकडे तोंड केलं.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "तुला काय वाटतं ते सांग."

भाकरी फुगली, बसली, कडेने करपायला लागली. अक्कम्माने ती उलटली नाही. हात हलवला तरी पोर त्यातून काहीतरी अर्थ काढेल अशी भीती तिला वाटली. मनात म्हणाली, देवा, हो असो की नाही असो, तिचं असू दे.

"मला जायचंय," देचू म्हणाली. आवाज लहान होता. मग जरा मोठ्याने, "मला जायचंय, अव्वा. नाही घेतलं तर परत येईन. पण सोमय्यामामासारखी नंबर खिशात कोंबून नाही येणार. आणि सकाळी मंदावर पण जाणार आहे. तिथे आता दोघंच राहिलोत."

"वेटरकडे?"

"हो."

अक्कम्माच्या मानेला ओढ लागली होती. वळून एकदा चेहरा बघावा, ओठ बोलतायत तेच डोळे बोलतायत का ते पडताळावं. चारी बाजूंनी नाही तर निदान एका बाजूने. ती तशीच उभी राहिली. कमरेची किल्ली सोडवली आणि न वळता हात मागे केला.

किल्ली हातातून गेली. पलीकडच्या खोलीत ट्रंकेचं झाकण वाजलं. करपलेली भाकरी तिने गायीसाठी बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि चपला घातल्या, कारण विराजपेटला फॉर्म भरून देणारा तो कॉम्प्युटरवाला पोरगा कोण, कुठल्या घरचा, हे तिला माहीत नव्हतं.